जुनी मृत्युपत्रे, वारसनोंदी आणि घरातल्या बायकांची नावे

हिरडस मावळाचा इतिहास म्हटला की बाजीप्रभू, बांदल आणि जेधे ही नावे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही येतात. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत काय झाले हे सांगावयास आपल्याला पुस्तक लागत नाही. पण तुमच्या स्वतःच्या घराण्याची हकीकत सांगा असे कोणी म्हटले, तर पणजोबांपर्यंत नावे येतात आणि तेथे गाडे अडते. तीही नावे पुरुषांचीच. पणजीचे नाव काय, ती कोणत्या गावची, असे विचारले तर सगळेजण आढ्याकडे पाहू लागतात. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी घराण्यांच्या इतिहासावर चार ओळी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मनात आले की ही विसरलेली नावे कोठे सापडतात तेच लिहावे. ती सापडतात मृत्युपत्रांत, प्रोबेटच्या कागदांत आणि वारसनोंदींत. म्हणजे माणूस गेल्यानंतर जे कागद होतात त्यांत.

घरात जपलेला कागद काय करू शकतो याचे उदाहरण आपल्या भोर तालुक्यातच आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुनी शकावली होती. शकावली म्हणजे सालवार नोंदी. ती दाजीसाहेब जेधे यांनी लोकमान्य टिळकांना दिली आणि टिळकांनी १९१६ साली ती छापून प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे इंग्रजी १६३० सालच्या फेब्रुवारीची १९ तारीख, ही मिती त्या शकावलीत मिळाली. तोवर १६२७ साल धरून चालत असत. सगळ्या महाराष्ट्राच्या राजाची जन्मतिथी आपल्या रोहिड खोऱ्यातल्या एका घरच्या दप्तरात होती, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच घराण्याचा करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, तोही प्रसिद्ध आहे.

पण हे कागद का राहिले, तेही पाहावयास हवे. देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी ही वतने होती. वतनावर तंटा झाला की गोतसभेपुढे कागद दाखवावा लागे, महजर होई, निवाडापत्र मिळे. कागद गेला तर वतन जाण्याची भीती. म्हणून लोकांनी ते पेटीत, माळ्यावर, देवघरात जपले. आपल्यासारख्या कुणबाऊ घरात जपावयास होते काय? त्या जुन्या कागदांवर आपल्या माणसांची सही नांगराची. लिहिता येत नसे म्हणून शेतकरी नांगराची निशाणी करी, आणि बाई असली तर बांगडीची. नांगर आणि बांगडी! एवढ्या दोन खुणांत आपल्या कितीतरी पिढ्या गेल्या.

आता मृत्युपत्रांकडे येते. इंग्लंडात १८५८ सालापासून देशभरच्या मृत्युपत्रांची एकच नोंद ठेवलेली आहे, आडनावाप्रमाणे लावलेली. तेथील माणूस घराण्याचा शोध घ्यावयास निघाला की त्या यादीपाशी जातो. आपल्याकडे तसे का नाही, याचे कारण आपल्या रीतीतच आहे. हिंदूंच्या एकत्र कुटुंबात जमीन एकट्याची नसे. बाप गेला की ती मुलांकडे आपोआप चालू राही. एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने दुसऱ्याला देण्याची मुभाच १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापर्यंत नव्हती. मृत्युपत्र करता येई ते स्वतः कमावलेल्या मिळकतीचे. वतनी जमीन तर १८७४ च्या वतन कायद्याने वतनदार घराण्याबाहेर सहजी जाऊ शकत नसे. मग हिर्डोशीच्या शेतकऱ्याने मृत्युपत्र कशाचे करावे? तो मरताना भाऊबंदांना जवळ बोलावून तोंडी सांगे, किंवा हयातीतच पंचांसमक्ष वाटणीपत्र करून मोकळा होई.

म्हणून आपल्या खोऱ्यातली मृत्युपत्रे शोधावयाची तर ती भोरला कमी आणि मुंबईला जास्त, असे माझे मत झाले आहे. आपली माणसे गिरणीत, गोदीत, माथाडीत कामाला गेली. लालबाग-परळच्या चाळीतली खोली, पोस्टातले पैसे, फंडाची रक्कम, बायकोच्या अंगावरचे चार दागिने ही स्वतःची कमाई. तिची व्यवस्था लिहून ठेवावी लागे. शिवाय मुंबई शहरात एक वेगळी गोष्ट होती. १८७० च्या हिंदू मृत्युपत्रांच्या कायद्याने आणि पुढे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने तेथील हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेण्याची सक्ती केली होती. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरे आहे असा कोर्टाचा शिक्का. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांना हा नियम लागू होता; पुण्याला, भोरला नव्हता. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांपैकी गावाकडे वारलेल्या भावाचा कागद नाही आणि मुंबईत वारलेल्याची उच्च न्यायालयात सबंध फाईल आहे, असे होऊ शकते.

त्या फाईलीत काय असते? मूळ मृत्युपत्र कोर्टातच राहते, आपल्याला मिळते ती नक्कल. अर्जात माणूस कोणत्या तारखेस, कोठे वारला ते असते. मागे राहिलेले वारस कोण, त्यांचे नाते काय, ते राहतात कोठे, हे सर्व लिहावे लागते. मिळकतीची आणि देण्याची यादी असते. मृत्युपत्रावर सही करणाऱ्या दोघांपैकी एका साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र असते, आणि तो साक्षीदार बहुधा गावचाच, शेजारच्या खोलीतला निघतो. म्हणजे एका माणसाच्या कागदात सगळी चाळ आणि सगळी भावकी येते.

आमच्याच घरचे सांगते. माझे एक चुलत आजेसासरे मुंबईस गिरणीत होते. नवराबायकोस मूलबाळ नव्हते. त्यांच्या खोलीचे प्रोबेट झाले होते, त्याची नक्कल पुतण्याने काढून आणली. वारसांच्या यादीत भावांखाली एका बहिणीचे नाव होते, आणि पुढे पत्ता महाडच्या बाजूचा. वरंध घाटाखाली आमच्या घरची मुलगी दिलेली होती हे आमच्या घरात आज कोणालाच ठाऊक नव्हते. ती बाई आता नाही, पण तिचे नातू आहेत. गेल्या वर्षी त्यांच्याकडचे दोघे यात्रेला येऊन गेले. जेवावयास बसल्यावर पाहिले तर त्यांतल्या एकाचे कपाळ अगदी आमच्या सासऱ्यांसारखे. नक्कल मिळावयास पुतण्याला एका कचेरीत पाच खेपा घालाव्या लागल्या, पण त्याचे दुःख त्या दिवशी कोणी केले नाही.

मृत्युपत्र म्हटले की महाराष्ट्रात एक मोठे प्रकरण आठवते, ते ताई महाराजांचे. वाचनालयात टिळकांचे चरित्र आहे, त्यात ते विस्ताराने येते. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्र करून मिळकतीची व्यवस्था टिळक, खापर्डे वगैरे विश्वस्तांकडे सोपविली होती. पत्नी कोवळ्या वयाची आणि गरोदर. मुलगा झाला, पण १८९८ साली तो थोड्याच दिवसांत गेला. मग दत्तक घेणे आले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला. पुढे ताई महाराजांनी विश्वस्तांविरुद्ध जाऊन ऑगस्टमध्ये दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द व्हावे म्हणून अर्ज केला. १९०३ साली टिळकांवर फौजदारी खटला झाला, शिक्षाही झाली; १९०४ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा दिवाणी दावा तर विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ साली जगन्नाथाचे दत्तविधान कायम झाले. एका मृत्युपत्रापायी अठरा वर्षे!

हे प्रकरण टिळकांच्या बाजूने सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि टिळकांना त्यात फार सोसावे लागले हे खरेच. मला मात्र ते वाचताना त्या बाईचा विचार येतो. नवरा गेला, मूल गेले, घरात कारभारी पुरुष, आणि वाड्याबाहेर गावभर चर्चा. १९०३ साली तीही वारली, निकाल पाहावयास राहिली नाही. सगळे तिला ताई महाराज म्हणत. तिचे नाव सकवारबाई होते, ते कोर्टाच्या कागदांत टिकले. कोर्टाला 'अमक्याची विधवा' एवढ्यावर भागत नाही, नाव घालावेच लागते. जे घरच्या वंशावळीने केले नाही ते कोर्टकचेरीने केले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुण्यातच दहा वर्षे आधी, १८८७ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी आपले मृत्युपत्र करून नोंदविले होते. पोटचे मूल नव्हते, दत्तक यशवंत होता. भाऊबंदकीच्या डोळ्यांवर येईल अशा मुलाला हक्क मिळावयाचा तर तोंडी बोलणे पुरत नाही, हे त्यांना चांगले कळत होते. आज त्यांच्या चरित्रकारांना ते मृत्युपत्र फार उपयोगी पडते.

मृत्युपत्र नोंदविलेच पाहिजे असे नाही. साध्या कागदावर, स्टँपाशिवाय, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होते. म्हणून पुष्कळशी ट्रंकेत राहिली आणि वाळवीने खाल्ली. जी नोंदविली ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तीन नंबरच्या बुकात असतात. करणारा हयात असेतो त्याची नक्कल दुसऱ्या कोणाला देत नाहीत. तो वारल्यावर अर्ज करणाऱ्याला मिळते. मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. आणि आपला भाग १९४८ सालापर्यंत भोर संस्थानात होता, पंतसचिवांच्या अमलाखाली, हे विसरू नये. त्या सालच्या आधीचा कागद शोधताना तो इंग्रजी मुलखातल्या कागदासारखाच सापडेल असे धरून जाऊ नये. संस्थानची कोर्टेकचेऱ्या त्यांची स्वतःची होती. जुन्या कागदांत मोडीही असते. घरात मोडी कागद असला तर तो 'काही कळत नाही' म्हणून चुलीत घालू नका, एवढी विनंती.

मृत्युपत्र नसेल तर काय? मग वारस दाखला पाहावा. १८२७ सालचा मुंबई इलाख्याचा आठवा रेग्युलेशन म्हणून एक फार जुना कायदा आहे. त्याखाली दिवाणी कोर्टाकडून वारस म्हणून दाखला मिळतो. कोर्ट जाहीरनामा लावते, कोणाची हरकत असल्यास या म्हणते, आणि त्या अर्जात झाडून सगळे वारस मांडावे लागतात.

पण खरा खजिना म्हणजे फेरफार. सात-बारा आपण सगळ्याजणी पाहतो, पण तो आजचा. त्यावर जो फेरफाराचा आकडा असतो, त्याच्या मागे मागे गेले की कोण कधी मयत झाले आणि कोणाचे नाव लागले ते निघते. सात-बाऱ्यावरची अक्षरे आधी समजून घ्यावी. 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे हे असले की मागे धाकटे भाऊ आणि बहिणी दडलेल्या आहेत असे समजावे. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान असताना बाप गेला की मुलाचे नाव लागते आणि पुढे 'अ. पा. क. आई' म्हणून बाईचे नाव येते. जुन्या कागदांत नावामध्ये 'बिन' किंवा 'वलद' असले तर तो अमक्याचा मुलगा, आणि 'कोम' किंवा 'भ्रतार' असले तर ती अमक्याची बायको.

२०२३ साली कुणबी नोंदींसाठी सगळीकडे एकच धांदल उडाली, ते आपणा सर्वांना आठवत असेल. न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कचेऱ्यांतली जुनी बाडे उघडली गेली. ज्याने कधी आजोबाचे नाव नीट विचारले नव्हते तो खापरपणजोबाचे नाव शोधू लागला. आमचा मुलगाही भोरला गेला, आणि कागद ओळखावयास म्हणून मला बरोबर घेतले. कोतवाल बुकाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार, शाळेचे दाखले, सगळे पाहिले. मुलाला हवी होती जातीची नोंद, ती बापाच्या बापाच्या वाटेने वर जाणारी. त्यात आईच्या बाजूला कोणी पाहत नाही. पाहण्याचे कारणच नसते. मी मात्र एका फेरफारापाशी थांबले. संस्थान विलीन झाल्यानंतरच्या काळातला तो. आमचे आजेसासरे तेव्हा अज्ञान, बाप मयत, आणि 'अ. पा. क. आई' म्हणून पणजेसासूबाईंचे नाव. त्या बाईचे नाव घरात कोणी उच्चारलेले मी कधी ऐकले नव्हते. वंशावळीच्या कागदावर त्या जागी रेघ होती. पुढच्या फेरफारात मुलगा सज्ञान झाला आणि तिचे नाव कमी केले. मधली जितकी वर्षे गेली तितकी वर्षे खाचरे, गुरे, सारा, देणी सगळे तिनेच पाहिले असणार. दुसरे होते कोण? सासूबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हातारी फार कडक होती गं, एवढं माझ्या सासूबाई सांगायच्या." आता कडक का होती ते कळते. तिचे नाव येथे छापावे की नाही यावर घरात दोन मते पडली, म्हणून ते देत नाही. वंशावळीत मात्र घातले आहे.

धरणाने हा प्रश्न आणखी कठीण केला आहे. नीरा-देवघरच्या पाण्याखाली जमिनी गेल्या, घरे उठली, माणसे पांगली. मोबदल्यासाठी वारस दाखवावे लागले तेव्हा किती घरांत जुनी नावे आठवता आठवता भांडणे झाली, ते आपण पाहिलेच आहे. बांध गेला, विहीर गेली, आंबा गेला. कोणाचे काय कोठे होते हे दाखवावयास आता फक्त कागद उरला.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, ती काहींना रुचणार नाही. मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आला, पण त्या वेळी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. सगळ्या देशाला लागू होणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून झाली, तीत तो भेद राहिला नाही. बाप त्या दिवशी हयात होता की नव्हता हे पाहण्याची गरज नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निकाल दिला. तेव्हापासून बहिणींची नावे फेरफारात येऊ लागली, आणि त्याच वेगाने हक्कसोडपत्रेही होऊ लागली. भाऊ सही मागतो, माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करते. कोणी राजीखुशीने करीत असेल तर तिचा तो अधिकार आहे. मी स्वतः काय केले ते घरचे पाहतील. परंतु वाचल्याशिवाय, रक्षाबंधनाच्या ताटाशेजारी ठेवलेल्या कागदावर सही करू नये. आणि सही केलीच, तरी त्या हक्कसोडपत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. आपल्या बापाचे, आईचे, भावंडांचे आणि आपले स्वतःचे नाव एकत्र असलेला कदाचित तोच एक कागद आपल्या नातवंडांना मिळेल.

बायकांनीही मृत्युपत्र करावे. १९५६ पूर्वी विधवेला मिळालेली मिळकत बहुधा तिच्या हयातीपुरतीच असे. त्या सालच्या कायद्याने ती पूर्णपणे तिची झाली. तरी 'आमच्याकडे आहे काय?' असे आपण म्हणतो. चार पाटल्या, बचतगटातली शिल्लक, नावावरची दहा गुंठे जमीन, एवढे पुष्कळ आहे. लिहिताना आपले नाव दोन्हीकडचे घालावे, माहेरचे आणि सासरचे; माहेरचे गाव, तालुका घालावा; मुलींची नावे त्यांच्या सासरच्या आडनावांसह घालावी. वकील एवढे विचारीलच असे नाही, आपणच सांगावे.

मंडळाच्या कपाटात आता एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक घराला एक पान. त्यावर घरातल्या बायकांची नावे, जितक्या पिढ्या आठवतील तितक्या, माहेरच्या गावासह लिहावयाची, आणि नाव कशावरून मिळाले तेही समोर लिहावयाचे: फेरफार, मृत्युपत्र, दाखला, की नुसते म्हातारीच्या तोंडून. किल्ली चिटणीसबाईंकडे असते. दर शुक्रवारी भजनाच्या आधी वही बाहेर काढतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसते येऊन सांगावे, लिहून घ्यावयास मी असतेच.